मॅडमचा बुधवारचा पास्ता

गुरांच्या दवाखान्यात केसेस रोज रजिस्टरला चढतात. म्हैस, काळी, पोटफुगी. शेळी, दोन वर्षांची, लंगडते. किस्से मात्र कुठल्याच रजिस्टरला चढत नाहीत. ते नुसते साचत राहतात, आणि चार टाळकी जमली, चहा आला, की आपोआप बाहेर पडतात. आमच्या दवाखान्यातले निम्मे किस्से जनावरांचे आहेत. उरलेले निम्मे पास्त्याचे! हसू नका, सांगतो.

जिंतूरहून येलदरीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही जेवायला याल. दवाखान्यात माणसं तीन. मी कदम, पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डॉक्टर असले की मदतनीस आणि डॉक्टर नसले की डॉक्टर! दुसरा शेषराव. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, अवजारं उकळणं हे त्याचं काम. मेंढरं राखणाऱ्या घरातला, त्यामुळे जनावर दारातून आत यायच्या आधी त्याला त्याचा आजार कळतो. आणि तिसऱ्या आमच्या डॉक्टर मॅडम. पुण्याच्या, सत्तावीस वर्षांच्या, पहिलीच नेमणूक. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहतात.

मॅडम यायच्या आधी दोन वर्षं ती खुर्ची रिकामी होती. त्या दोन वर्षांतल्या एका पावसाळ्यात शेषरावच्या भावाच्या कळपात रोग शिरला. मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडं आमचा जादा कारभार होता, ते बिचारे पाचव्या दिवशी पोचले. तोवर बावीस मेंढ्या गेल्या होत्या. शेषरावनं तेव्हा नुसता खड्डा खणला. ते आठवलं की मला अजून माझीच लाज वाटते.

म्हणून मॅडमनी आल्या-आल्या पहिल्याच महिन्यात बदलीचा अर्ज दिला आणि त्यावर जावक नंबर टाकायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा शेषराव मला बाजूला घेऊन म्हणाला, "कदमसाहेब, ह्या बाईला हितं करमलं पायजे. त्यांना काय बी म्हणू द्या, आपुन हो म्हणायचं."

मी म्हणालो, "हो."

आणि दुसऱ्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "मी पास्ता करते, जेवायला याल?"

*

आता जेवायचं कधी, यावरच पहिली मीटिंग झाली.

मॅडमच्या मोबाइलवर एक रेसिपी होती. कामावरून दमून आलेल्या माणसानं अर्ध्या तासात करायचा पास्ता, खिमा आणि भाज्या घालून. मूळ रेसिपीत जे मांस होतं ते आपल्याकडं घरातही चालत नाही आणि कायद्यातही बसत नाही. म्हणून मॅडमनी बोकडाचा खिमा ठरवला. "सोमवारी करू?" त्यांनी विचारलं.

"सोमवार महादेवाचा," शेषराव म्हणाला.

"मंगळवारी?"

"मंगळवारी माझा देवीचा उपास," मी म्हणालो.

"गुरुवारी?" दत्ताचा. "शुक्रवारी?" माझ्या घरी संतोषीमाता. मी नाही, पण बायको करते, आणि त्या दिवशी माझ्या तोंडाला मटणाचा वास आला तर घरात उपास मलाच घडतो. "शनिवारी?" मारुतीचा. "मग रविवारी!" मॅडम जिंकल्यासारख्या म्हणाल्या.

शेषरावनं कानाला हात लावला. "रविवार खंडोबाचा, मॅडम."

मॅडमनी बोटांवर सगळे वार मोजून पाहिले. "अहो, मग तुम्ही मटण खाता तरी कधी?"

"बुधवारी. तसा तो बी पांडुरंगाचा हाय. पन आमच्या गळ्यात माळ न्हाई, त्यामुळं त्यो काय बोलत न्हाई!"

असा आमचा बुधवार ठरला.

*

पहिला पास्ता कसा होता? तर आतून कच्चा, बाहेरून गिळगिळीत, वर टोमॅटोचं आंबट पाणी, आणि त्यात खिमा असा सुटा-सुटा पडलेला की त्याची आणि पास्त्याची ओळखच कुणी करून दिलेली नसावी. मीठ मॅडमनी चमचा सपाट करून, डोस मोजतात तसं मोजून टाकलं होतं. हळद नाही, कांदा-लसणाची फोडणी नाही, काही नाही. जनावरांच्या ऑपरेशनला मॅडमचा हात देवाचा आहे. स्वयंपाकाला तो देव येत नाही.

"कसा झालाय?" मॅडमनी विचारलं.

शेषरावनं घास गिळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक नंबर, मॅडम!"

मी जरा जपून वागणारा माणूस आहे. मी म्हणालो, "असा पास्ता मी आयुष्यात खाल्ला नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

मॅडमनी लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, बघ ना, इथल्या लोकांना माझा पास्ता आवडलाय!" पलीकडून आई म्हणाल्या, "कुणाला?" त्यांच्या आवाजात जे आश्चर्य होतं, त्यावरून आम्हाला कळलं की हा आजार जुना आहे.

*

पुढच्या बुधवारी मॅडम स्वतः खाटकाकडं गेल्या. सोबत मी. खाटीक आमच्या ओळखीचा, पण मॅडमना पाहून बावरला. गिऱ्हाईक मांडी मागतं, चाप मागतं. मॅडमनी विचारलं, "या बोकडाचं वय काय होतं? जंताचं औषध कधी दिलं होतं? ताप वगैरे?"

खाटीक म्हणाला, "मॅडम, माज्या लग्नाच्या टायमाला सासऱ्यानं बी येवढं इचारलं नव्हतं!"

तेवढ्यात मॅडमची नजर दुकानाच्या कडेला टांगलेल्या कातड्यावर गेली. त्या जवळ गेल्या, वाकल्या, बोट लावून पाहिलं, आणि ओरडल्या, "कदमकाका, हे टाके माझे आहेत!"

खरंच होतं. आठ दिवसांपूर्वी कुत्र्यानं फाडलेलं एक बोकड आमच्याकडं आलं होतं. मॅडमनी मांडीला नऊ टाके घातले होते, इंजेक्शनं दिली होती, आणि मालकाला बजावलं होतं की औषधाचा अंश जाईपर्यंत याला कापायचं नाही. टाके काढायला येत्या सोमवारी आणायचं ठरलं होतं. मालकानं सोमवारची वाट पाहिली नाही.

मॅडमनी खाटकाला असं काही झापलं की रांगेतली दोन माणसं न घेताच घरी गेली. खाटकानं ते सगळं मटण पुरायचं कबूल केलं. त्याची मान खाली. आम्ही निघालो, तर मॅडम चार पावलं चालून परत फिरल्या. मला वाटलं, अजून झापायचं राहिलंय. त्या कातड्याजवळ गेल्या आणि मोबाइलवर फोटो काढला.

"पुराव्याला?" मी विचारलं.

"नाही हो. जखम बघा ना किती सुरेख भरून आली होती!"

*

त्यानंतर मटण शेषराव आणायला लागला, भावाच्या घरचं. आणि त्या निमित्तानं स्वयंपाकघरात त्याचा शिरकाव झाला.

एका बुधवारी मॅडम भाज्या चिरत होत्या. त्या शेषरावला म्हणाल्या, "हा पास्ता तेवढा उकळून घ्या. आणि उकळला की पाण्यातून काढून ठेवा."

आता शेषरावला उकळणं हा शब्द माहीत आहे तो अवजारांचा. वीस वर्षं त्यानं चिमटे, कात्र्या, सुया उकळल्या आहेत. त्यानं पातेल्यावर झाकण घातलं, घड्याळ बघितलं आणि नेमाप्रमाणं पुरी वीस मिनिटं दिली. मग हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. दवाखान्यातून चिमटा आणला, तोही उकळून! एकेक नळी चिमट्यानं उचलली, स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडली, वरून पट्टीचा स्वच्छ गॉज पांघरला.

मॅडमनी गॉज उचलला. खाली पास्त्याच्या नळ्या फुगून बोटाएवढ्या झालेल्या, आणि शिस्तीत झोपलेल्या.

"हे काय आहे, शेषराव?"

"एक बी जंतू न्हाई, मॅडम! डायरेक पोटात सोडा."

मॅडम जमिनीवर बसून हसत होत्या. त्या अशा हसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या, आणि त्या रात्रीचं ते पीठ मला तेवढं वाईट लागलं नाही.

*

भाज्यांचं प्रकरण वेगळंच. रेसिपीत ब्रोकोली होती. ती परभणीला मिळते असं कळल्यावर मॅडमनी मीटिंगला गेलेल्या माझ्याकरवी दोन गड्डे मागवले. मी आणून दवाखान्याच्या खिडकीत ठेवले आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर एक गड्डा गायब.

ओसरीत एक शेळी बांधलेली होती, तीन दिवस चारा सोडलेली. तिच्यापुढं शेषराव उकिडवा बसला होता आणि शेळी मिटक्या मारत ब्रोकोली खात होती.

"कदमसाहेब, औषध लय भारी आणलं! तीन दिसाची उपाशी, तोंड लावलं बगा!"

मॅडम बाहेर आल्या. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी शेळीचे डोळे पाहिले, पोटाला कान लावला, आणि उरलेला गड्डाही तिच्यापुढं टाकला. "ही खातेय तर खाऊ द्या," त्या म्हणाल्या. त्या बुधवारी पास्त्यात शेपू पडला. शेपूबद्दल मी काही बोलणार नाही. शेळी दुसऱ्या दिवशी चालत घरी गेली, एवढं मात्र रजिस्टरला आहे.

*

गिरजाबाईचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

गिरजाबाई वस्तीवरची म्हातारी. चार शेळ्यांवर तिचं घर चालतं. एका बुधवारी दिवेलागणीला ती नातवाच्या मोटारसायकलवर शेळी मांडीत घेऊन आली. शेळी अडली होती. पिल्लू आडवं. मॅडमनी गॅस बारीक केला, पास्ता तसाच सोडला आणि क्वार्टरच्या ओसरीतच काम सुरू केलं. शेषरावनं शेळी धरली, मी बॅटरी धरली. गिरजाबाईला तिथं उभं राहवेना. जीवच होता तिचा त्या शेळीत. मी म्हणालो, "मावशी, आत जा आणि तेवढं पातेलं हलवा."

पाऊण तासानं दोन पिल्लं झाली, दोन्ही जिवंत. मी पाणी घ्यायला आत गेलो तर गिरजाबाई पातेल्यापुढं उभी, बोट चाटत.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "ह्या लेकराला सैपाक कुनी शिकिवला न्हाई का हो?"

"मावशी, बोलू नका. त्यांना वाईट वाटेल."

"मी कामून बोलू? माज्या शेळीला वाचिवलं तिनं." असं म्हणून तिनं कनवटीची पुडी सोडली. मॅडमला द्यायला म्हणून तिनं घरचा येसूर आणला होता. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं आमच्याकडचं पीठ, मटणाच्या रश्श्याला लावतात ते. त्यातल्या दोन मुठी तिनं पातेल्यात टाकल्या, वर तिखट टाकलं, आणि झाकण ठेवून गपचूप शेळीपाशी जाऊन बसली.

त्या दिवशी पास्ता झाला होता! खरं सांगतो, ताट चाटून पुसून खाल्लं. मॅडमसुद्धा पहिल्या घासाला थांबल्या. "आज सॉस किती दाट झालाय. मी तर काहीच वेगळं केलं नाही."

शेषरावनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. "हवा बदललीय, मॅडम," मी म्हणालो. "गार हवेत दाटतं."

मॅडमनी वही काढली आणि लिहून घेतलं. पुढं उन्हाळाभर त्या पास्त्याचं पातेलं कूलरसमोर ठेवायच्या!

*

खोटं बोलणाऱ्याचं पोट भरत नाही, हे मात्र खरं. मॅडमकडं जेवून घरी गेलो की मी बायकोला भाकरी मागायचो. दोन महिने तिनं वाढली. मग म्हणाली, "ती मॅडम तुम्हाला जेवायला बोलावते की बघायला?"

त्या दिवसापासून घरी मागायची सोय संपली. पुढच्या बुधवारी मॅडमकडून निघालो, "पोट तुडुंब भरलं" म्हणालो, आणि गाडी सरळ फाट्यावरच्या ढाब्याकडं घेतली. भाकरी, पिठलं, ठेचा सांगितला. पहिला घास तोंडात घालतो तोच मागून ओळखीचा आवाज आला, "अरं, पिठलं लवकर आन, जीव जायलाय भुकेनं!"

शेषराव! मघाशीच मॅडमसमोर ढेकर देऊन आलेला.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. तो उठून माझ्या टेबलाला आला. मग तो भाकरी मोडत म्हणाला, "साहेब, डॉक्टर असून बावीस मेंढ्यांचं मरन टळत आसंल, तर ह्यो पास्ता मी जल्मभर खाईन." आणि पिठल्याची वाटी त्यानं माझ्याकडं सरकवली. आमचा तो ढाबा मग दर बुधवारी ठरलेलाच.

*

आणि मग यंदा बदलीचा आदेश आला.

सोमवारी आला. मीच उघडला, कारण आवक मीच बघतो. मॅडमनी पहिल्या महिन्यात मागितलेली जागा, पुण्याजवळची, आईच्या घरापासून वीस मिनिटांवर. शनिवारी कार्यमुक्त व्हायचं. तो कागद नोंदवायला मला पेनच सापडेना. सोमवारी सापडला नाही, मंगळवारी सापडला नाही. शेवटी मंगळवारी संध्याकाळी मॅडमनीच स्वतःच्या खिशातला पेन माझ्यापुढं ठेवला. "काका, मला फोन आला होता वरून. नोंदवून टाका."

बुधवारी सकाळी ही बातमी गावभर झाली. गिरजाबाई येऊन ओसरीत बसली आणि तशीच उठून गेली. शेषरावनं दिवसभर अवजारं उकळली. पुन्हा पुन्हा, तीच अवजारं.

संध्याकाळी मॅडमनी पास्ता केला. आम्ही तिघं ताटं घेऊन बसलो. नेहमीसारखाच होता, कच्चा, आंबट, मीठ मोजून टाकलेलं. मॅडम म्हणाल्या, "शेवटचा पास्ता. कसा झालाय, शेषराव?"

मी मनात म्हणालो, 'एक नंबर' म्हणेल. शेषरावनं काटा खाली ठेवला.

"मॅडम, आता तुमी जायलातच, तर खरं सांगतो. लय बेकार झालाय."

मी ताटातला पास्ता चिवडायला लागलो.

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे आजच न्हाई. सालभर बेकार व्हायलाय. खिम्याचा वास जात न्हाई, टमाट्याचा कच्चेपना जात न्हाई. मीठ तर तुमी कोकराला औषध दिल्यावानी टाकता. मी दर बुधवारी खोटं बोललो. तुमी जाऊ नये म्हणून बोललो. आता काय उपेग न्हाई, म्हणून सांगतो." त्याचा आवाज चिरकला. "अन् लय वाईट वाटायलंय."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्हीसुद्धा?"

"मी कधीच चांगला म्हणालो नाही, मॅडम," मी म्हणालो. "तुम्ही आठवून बघा."

मॅडमनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. बाहेर कुणाची तरी म्हैस दवाखान्याच्या फाटकाला अंग घासत होती. मग त्यांनी आपल्या ताटातला एक घास खाल्ला. सावकाश चावला. आणखी एक खाल्ला. ओढणीनं डोळे पुसले, आणि शेषरावकडं बघून, दवाखान्यात ऑर्डर सोडतात त्या आवाजात म्हणाल्या, "येत्या बुधवारी खिमा तुम्ही करायचा. मी शेजारी उभी राहून बघणार. फोडणीपासून."

शेषरावनं माझ्याकडं पाहिलं. मी शेषरावकडं पाहिलं.

"येत्या बुधवारी?" त्यानं विचारलं.

"का? तुम्ही नाही का इथे?"

"मी हाय की, मॅडम," शेषराव म्हणाला. "मला कुठं जायचंय?"

मी ताट पुढं केलं आणि म्हणालो, "मॅडम, थोडा अजून वाढा."